प्रकल्प नोंदी : रामदासपेठेतल्या लॅबचे दोन सर्व्हर

४ मार्च

कामाला हात घालण्याआधी फेब्रुवारीत काय घडलं ते लिहून ठेवतो. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशीच ताडून बघायचा आहे.

नागपूरची पॅथॉलॉजी लॅब आहे, दोन मजली. रुग्ण खाली येतात, रक्त खालीच घेतात. घरी जाऊन आणलेले नमुने वर नोंदले जातात. आधीच्या कंत्राटदाराने एक सर्व्हर खाली, एक वर ठेवला होता. प्रत्येक मजल्याला एक नेटवर्क स्विच आणि दोन स्विचमध्ये एकच केबल. खालचा बंद पडला की वरच्याने त्याचा आयपी पत्ता घेऊन काम चालू ठेवायचं, अशी पेसमेकरची (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मांडणी होती. सेटिंगमध्ये फेन्सिंग (बिघडलेल्या सर्व्हरला आधी बाहेर काढायची सोय) मात्र सरळ बंद करून ठेवलेलं. ते बंद केल्याशिवाय क्लस्टर, म्हणजे ही सर्व्हरची जोडी, कामच सुरू करत नव्हता, म्हणून ते काढून टाकलं असणार.

फॉल्स सीलिंगमध्ये एसीचं काम सुरू असताना ती एक केबल तुटली. खालच्याला वाटलं वरचा गेला, वरच्याला वाटलं खालचा गेला. दोघंही ठणठणीत होते. दोघांनी तोच पत्ता घेतला, दोघांनी डेटाबेस उघडला आणि एक तास चाळीस मिनिटं दोघं आपापल्या मजल्यावर नमुन्यांना क्रमांक देत बसले. एकच क्रमांक दोन माणसांना. अशा ३१ जोड्या निघाल्या.

लॅबच्या डॉक्टर मॅडम आणि टेक्निशियन मुलींनी रात्रभर बसून नळ्यांवरची नावं जुळवली. चुकीचा रिपोर्ट एकही बाहेर गेला नाही. पण तिघांचं जुळेना, त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. त्यातलं एक दहा महिन्यांचं बाळ. आईने काही विचारलं नाही, बाळाची मूठ धरून बसून राहिली. पहिल्यांदा सुई टोचल्याचा निळा डाग अजून हातावर होता, म्हणून दुसरा हात घेतला. मी दारात उभा होतो. हे काम मी त्या दिवशीच घ्यायचं ठरवलं.

९ मार्च

मॅडमशी बसून बोललो. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता : "दोन मशीन घेतल्या त्या बंद पडू नये म्हणून. आता तुम्ही एकीने दुसरीला बंद करायची सोय काहून करून राहिले?"

मी त्यांना त्यांच्याच कामातलं उदाहरण दिलं. समजा नाडी लागत नाही. माणूस गेला म्हणून लिहून द्याल का? आधी खात्री कराल. सर्व्हरचंही तसंच. दुसऱ्याकडून उत्तर आलं नाही, याचा अर्थ तो मेला असा होत नाही. केबल तुटली असेल, तो दोन मिनिटं गुदमरून पुन्हा उठणार असेल. उठला की मधल्या काळात काय झालं हे त्याला माहीत नसतं, तो अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करायला जातो आणि आपला हिशेब बिघडतो. त्याला बाहेरून विचारून उपयोग नाही, कारण तो उत्तरच देत नाहीये. खात्रीची एकच वाट उरते : त्याची वीज तोडायची, ती तुटल्याची पावती घ्यायची आणि मगच पुढचं काम उचलायचं. फेन्सिंगच्या या पद्धतीला स्टोनिथ म्हणतात, 'शूट द अदर नोड इन द हेड'ची आद्याक्षरं. नाव रांगडं आहे, पण अर्थ अचूक आहे.

मॅडम म्हणाल्या, "पावती मिळाली नाही तर?"

तर थांबायचं. लॅब थांबली तरी चालेल, क्रमांक दुबार होता कामा नये. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. माझ्या दृष्टीने मंजुरी इथेच मिळाली.

१६ मार्च

दोन्ही सर्व्हर आता वरच्या मजल्यावर एकाच खोलीत, एकाच रॅकमध्ये राहतील. नावं ठेवली कन्हान आणि पेंच. शहराला पाणी या दोन नद्यांतून येतं.

दिवसभर विजेचं मोजमाप. क्लॅम्प मीटर अख्ख्या केबलभोवती अडकवला तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. म्हणून फेजची तार वेगळी काढलेला छोटा तुकडा बनवला आणि त्यावर मोजलं. भरल्या कामात एक सर्व्हर साधारण १.४ अँपिअर, म्हणजे ३२० वॅटच्या आसपास. दोघांचे ६४०, स्विच वगैरे धरून ७००.

प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत. आधी दोन्ही एकाच यूपीएसवर होते, त्यामुळे दोन असून नसल्यासारखे. आता दोन यूपीएस, प्रत्येकी २ केव्हीए, ऑनलाइन प्रकारचे. प्रत्येकाखाली एक स्विच्ड पीडीयू, म्हणजे वीज वाटणारी पट्टी, जिचं एकेक आउटलेट नेटवर्कवरून बंद-चालू करता येतं. कन्हानचा डावा सप्लाय पीडीयू एकवर, उजवा पीडीयू दोनवर. पेंचचंही तसंच. रोजच्या दिवशी प्रत्येक यूपीएसवर ३५० वॅट येतील, पण हिशेब ७००चा धरायचा, कारण एक गेला की सगळा भार दुसऱ्यावर येणार आहे. यूपीएस बराचसा रिकामा दिसतो म्हणून त्यावर कुणी प्रिंटर किंवा फ्रिज जोडला की हा हिशेब गेला. रॅकवर तशी पाटी लावतो आहे.

२३ मार्च

जुना यूपीएस जिन्याच्या माथ्यावर, टिनाच्या पत्र्याखाली होता. दुपारी तीनला तिथं थर्मामीटर ठेवला तर ४३. आणि हा अजून मार्च आहे. या शहराने २३ मे २०१३ला ४७.९ बघितलेत. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरून सांगितलेलं असतं, त्यावर दर दहा अंशांना ते साधारण अर्धं होतं. पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी कागदावर पाच वर्षांची असली तरी नवतपा (मे अखेरचे तापते नऊ दिवस) एकदा-दोनदा बघून संपते. दोन्ही यूपीएस आता रॅकच्या खोलीतच, एसीमध्ये. कुलर तिथे नको हेही सांगून ठेवलं, ओली हवा नको.

३० मार्च

इलेक्ट्रिशियन काका आले. 'फेन्सिंग' शब्द कानावर पडताच त्यांनी विचारलं, "सर, झटका मशीन लावून राहिले का? इथं डुकरं कुठून आली बाप्पा?" त्यांचं संत्र्याचं शेत काटोलकडे आहे, रानडुकरांसाठी सौर कुंपण लावलेलं. मी त्यांना समजावलं की इथं डुक्कर आपलंच असतं. बिघडलेल्या मशीनला डेटाच्या शेताबाहेर काढायचं आणि बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याने नांगर धरायचा नाही. ते लगेच म्हणाले, "म्हंजे आधी मेन बंद, मग तारेला हात." पन्नास पानी मॅन्युअलमध्ये हे इतकं नीट कुठे सापडलं नव्हतं.

काकांनी दोन गोष्टी पकडल्या. एक, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. अर्थची तार जुन्या नळाला बांधलेली निघाली. खड्डा नवा केला, आता दीडच्या खाली आहे. दोन, त्यांनी दोन यूपीएसना दोन वेगळे फेज दिले. वादळात पुष्कळदा एकच फेज उडतो, तेव्हा दुसरा यूपीएस बॅटरीला हातसुद्धा लावणार नाही. एकाच रॅकमध्ये दोन फेज म्हणजे तारांमध्ये ४०० व्होल्ट असू शकतात. मागच्या दारावर लाल अक्षरांत तसं लिहिलं आणि दोन बाजूंच्या केबलना दोन रंगांच्या टेप गुंडाळल्या, डावीकडे पिवळी, उजवीकडे निळी.

१४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी, लॅब बंद. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या मिरवणुकांचा आवाज खिडकीतून येत होता. आम्ही दोघं, मी आणि हाताखालचा मुलगा, दिवसभर नेटवर्क ओढत बसलो.

प्रत्येक सर्व्हरला चार पोर्ट वापरतो आहे : दोन मदरबोर्डवरचे, दोन वेगळ्या कार्डवरचे. जोड्या लावताना मदरबोर्डचा एक आणि कार्डचा एक अशीच लावायची. दोन्ही पोर्ट एकाच कार्डवरचे घेतले तर कार्ड जळालं की जोडी गेली. पहिली जोडी दोन स्विचना, एकेक. दुसरी जोडी स्विचला न शिवता थेट समोरच्या सर्व्हरला. डीआरबीडीची नक्कल (एका सर्व्हरवरचा डेटा जसाच्या तसा दुसऱ्यावर उतरवणं) याच थेट केबलवरून जाते. कोरोसिंकला, म्हणजे दोघांचं बोलणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, दोन्ही वाटा दिल्या, म्हणजे दोन्ही स्विच एकदम गेले तरी दोघांना एकमेकांचे ठोके ऐकू येत राहतील. फेब्रुवारीतला गोंधळ मुळात इथेच अडला असता.

बाँडिंग (पोर्टची जोडी एक म्हणून वापरणं) 'ॲक्टिव्ह-बॅकअप' ठेवलं, म्हणजे एक वाट चालू, दुसरी राखीव. मुलाने विचारलं की दोन्ही केबल एकदम वापरून वेग दुप्पट का करायचा नाही. त्यासाठीच्या एलएसीपी पद्धतीला दोन्ही टोकं एकाच स्विचवर लागतात, किंवा दोन स्विच एक असल्यासारखे वागणारे महागडे घ्यावे लागतात. आणि तसे एक झालेले स्विच एकाच अपडेटमध्ये एकदम बसतात. आपल्याला वेग नको, दुसरी वाट हवी. दोन साधे, एकमेकांवर अवलंबून नसलेले स्विच बरे.

संध्याकाळी पहिला स्विच बंद केला : काही कळलंच नाही. चालू केला : काउंटरचा प्रोग्राम ३० सेकंद गोठला. स्विचचा दिवा लागला की सर्व्हरला वाटतं लाइन आली आणि तो उडी मारून परत जातो. पण स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेला स्विचचा नियम) पोर्टला आधी १५ सेकंद ऐकायला आणि १५ सेकंद शिकायला लावतं, तोवर एकही पॅकेट पुढे जात नाही. सर्व्हरच्या पोर्टवर ही वाट बघणं टाळणारं पोर्टफास्ट लावलं, परत फिरायच्या आधी दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि चालू वाट धड असेल तर परत फिरायचंच नाही असंही सांगितलं. बंद पडताना सगळे बघतात. खरी चाचणी परत येताना होते.

२० एप्रिल

आज फेन्सिंगची पहिली पायरी. सर्व्हरच्या आत एक छोटा वेगळा संगणक असतो, बीएमसी. मुख्य मशीन गोठलं तरी तो जागा असतो. आयपीएमआयने, म्हणजे बीएमसीशी बोलायच्या ठरलेल्या भाषेने, त्याला सांगायचं, 'वीज तोड', तो तोडतो आणि तुटल्याचं कळवतो. पेंचचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मुद्दाम पाडला, कन्हानने त्याला बंद केलं, काम उचललं. सुरेख.

मग पेंचच्या दोन्ही पॉवर केबल उपटल्या. कन्हान अडून बसला. बीएमसीला वीज त्याच सर्व्हरच्या सप्लायमधून मिळते, ती गेली तेव्हा बीएमसीही गेला. कन्हानला पावती मिळेना, म्हणून तो पुढे सरकेना. त्याचं वागणं योग्यच आहे. चूक माझ्या मांडणीत आहे : ज्याला मारायचं त्याच्याच हातात मी सुरी दिली होती. म्हणून पीडीयू. ती दुसरी पायरी : आयपीएमआयकडून उत्तर नाही आलं, तर बाहेरून दोन्ही पीडीयूवरची दोन्ही आउटलेट बंद. आधी दोन्ही बंद, मगच दोन्ही चालू. एक बंद-चालू, मग दुसरं बंद-चालू असं केलं तर सर्व्हर क्षणभरही विझत नाही आणि पावती मात्र मिळते. खोटी पावती नसलेल्या पावतीपेक्षा वाईट.

प्रत्येक आउटलेट हाताने बंद करून कुठल्या सर्व्हरचा कुठला दिवा विझतो ते बघितलं. दोन उलटी लागलेली निघाली. हे तपासलं नसतं तर कन्हानने पेंच समजून स्वतःचाच एक सप्लाय तोडला असता.

२१ एप्रिल, पहाटे

झोप लागली नाही, कागद घेऊन बसलो. बीएमसीच्या केबल पहिल्या स्विचवर, पीडीयूच्या दुसऱ्यावर, अशी वाटणी केली होती. एक स्विच गेला तरी एक पायरी उरते. इथवर ठीक. मग एकेक वस्तू बोटाने झाकत गेलो आणि तिच्याबरोबर काय-काय जातं ते लिहीत गेलो.

यूपीएस एक झाकला. त्याच्यावरचा पीडीयू एक गेला. पीडीयूची पायरी दोन्हीकडून पावती मागते, म्हणजे ती पायरी गेली. पहिला स्विच त्याच यूपीएसवर आहे, तोही गेला, म्हणजे आयपीएमआयची पायरीही गेली. एक यूपीएस गेला आणि फेन्सिंगच्या दोन्ही पायऱ्या एकदम गेल्या. वरून सगळं हिरवं दिसेल, दोन्ही सर्व्हर दुसऱ्या सप्लायवर मजेत चालतील. आणि त्या रात्री एक मशीन गोठलं की सगळं जागच्या जागी थांबेल.

वीज आणि नेटवर्क मी दोन वेगळ्या कागदांवर काढले होते, म्हणून हे दिसलं नाही. दोन्ही एकाच कागदावर हवेत, एकाच पेनने.

उपाय : पहिल्या स्विचला छोटा ट्रान्सफर स्विच, ज्याला दोन्ही पीडीयूंकडून वीज येते आणि एक गेली की काही मिलिसेकंदांत दुसरी घेतो. मग कुठलाही यूपीएस गेला तरी आयपीएमआय जिवंत. ट्रान्सफर स्विच स्वतःच गेला तर पहिला स्विच जातो, पण तेव्हा दोन्ही पीडीयू दुसऱ्या स्विचवरून हाताशी असतात. पुन्हा प्रत्येक वस्तू झाकून बघितली. आता एकही एकटी वस्तू दोन्ही पायऱ्या घेऊन बुडत नाही.

४ मे

रविवार रात्र, काउंटर बंद. फायरवॉलमध्ये कोरोसिंकचे पोर्ट अडवून दोघांचं बोलणं तोडलं, बाकी सगळं चालू. दोघांनाही एकमेकांचे बीएमसी दिसत होते. दोघांनी एकाच क्षणी ट्रिगर ओढला. खोलीतले सगळे पंखे एकदम खाली बसले आणि फक्त एसीचा आवाज उरला.

दोघांत बहुमत होत नाही, त्यामुळे दोघांनाही मारायचा हक्क असतो. कन्हानला मारण्याच्या हुकमावर १५ सेकंदांचा उशीर लावला. आता भांडण झालं तर पेंचला थांबावं लागतं, कन्हानला नाही. पॉवर बटणाचा संदेश आल्यावर लिनक्सने शिस्तीत बंद व्हायला बसू नये, यासाठी ती सेटिंगही काढून टाकली. वीज झटक्यात तुटायला हवी, निरोप समारंभ नको. पुन्हा चाचणी केली : पेंच विझला, कन्हान चालत राहिला. पाच वेळा केली, पाचही वेळा तेच.

तिसरा छोटा संगणक मतदानासाठी ठेवावा का, यावर मुलाशी बराच वेळ बोललो. तिसरं मत कुणी जगावं हे ठरवतं. दुसरा विझला आहे याचा पुरावा ते देत नाही. तो पुरावा फेन्सिंगच देतं. सध्या तिसरा नको. 'वेट-फॉर-ऑल' चालू आहे, म्हणजे मारलेला परत उठला आणि त्याला समोरचा दिसला नाही, तर तो उलट मारायला धावणार नाही. शिवाय पेसमेकर आपोआप सुरू होत नाही. आधी माणूस बघेल, मग तो सुरू करेल.

डीआरबीडीलाही याच साखळीत बांधलं : समोरचा दिसेनासा झाला की लिहिणं गोठवायचं आणि फेन्सिंगची पावती आल्यावरच सोडायचं.

१८ मे

मॅडमना बोलावून त्यांच्या समोर सगळं केलं. कर्नल पाडला : ३८ सेकंदांत काउंटर परत. दोन्ही केबल उपटल्या : आयपीएमआयची वाट बघण्यात वेळ जातो, म्हणून १ मिनिट ६ सेकंद. स्विच एक बंद : काहीच नाही. यूपीएस एक बंद आणि त्याच अवस्थेत पेंच गोठवला : ४१ सेकंद. शेवटची चाचणी माझ्यासाठी होती, त्या पहाटेच्या कागदासाठी.

सगळं चालू असताना मॅडम स्वतः काउंटरवर बसून खोटे नमुने नोंदवत होत्या. नंतर यादी छापून एकेक क्रमांक बोट ठेवून तपासला. एक क्रमांक मध्ये गाळलेला निघाला, दुबार एकही नाही. गाळलेला चालतो.

पीडीयूतून केबल सैल होऊन निसटू नयेत म्हणून अडकणीवाल्या केबल मागवल्या.

९ जून

रात्री पावणेदोनला फोनवर सूचना. वादळ, एक फेज उडालेला. यूपीएस दोन बॅटरीवर गेला आणि चार मिनिटांत बसला. वीस मिनिटं तरी टिकायला हवा होता. दुसरा स्विच आणि पीडीयू दोन गेले. दोन्ही सर्व्हर पिवळ्या बाजूवर चालत राहिले, आयपीएमआय पहिल्या स्विचवरून उत्तर देत होतं. घरूनच बघितलं, दोन्ही बीएमसींना स्थिती विचारली, दोघांनी 'चालू' सांगितलं. पाऊस थांबायची वाट बघत जागा राहिलो.

सकाळी सातला पहिला रुग्ण नोंदला गेला तेव्हा मी काउंटरच्या मागे उभा होतो. मुलीने क्रमांकाचं स्टिकर नळीला चिकटवलं आणि पुढच्याला हाक मारली.

यूपीएस दोनच्या चार बॅटऱ्या मोजल्या : तीन १२.७, एक १०.९. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भार टाकून बॅटरी तपासायची असं वेळापत्रकात घातलं. चारही एकदमच बदलायच्या, जुन्या-नव्या मिसळायच्या नाहीत. उद्या दुपारी सीताबर्डीहून आणतो, काकांना तीनला बोलावलं आहे.